आत्या किती लांबून दिसते?

काकांच्या सदाशिव पेठेतल्या घरी माळ्यावर एक फ्लेक्स गुंडाळून ठेवलेला आहे. २८ फूट लांब, ४ फूट उंच. आमच्या कुळाचा वंशवृक्ष. २०११ च्या कुलसंमेलनाला टिळक रस्त्याजवळच्या एका कार्यालयात तो भिंतीवर लावला होता. पंगती उठल्या, विडे वाटून झाले, तरी त्या भिंतीपाशी गर्दी हटत नव्हती.

लोक तो कसा बघत होते ते मला नीट आठवतं. आधी हॉलच्या मधोमध उभं राहायचं. तिथून फक्त शाखांची ठळक नावं वाचता यायची: देवरूख, वाई, मिरज, नारायण पेठ. आपली शाखा दिसली की त्या दिशेनं चालायला लागायचं. पाच-सहा फुटांवर आलं की पिढ्यांच्या ओळी वेगळ्या व्हायच्या. मग आणखी पुढे, चष्मा कपाळावर, नाक फ्लेक्सला टेकेल इतकं जवळ. नाव सापडलं की त्यावर बोट ठेवून, मान मागे वळवून हाक मारायची, "अहो, इकडे या, हे बघा आपण!" खालच्या ओळीतली नातवंडं बघायला एक आजोबा जमिनीवर मांडी घालून बसले होते.

सगळ्यात रुंद पिढीत तेव्हा साडेसहाशे माणसं होती. २८ फूट म्हणजे साधारण साडेआठ मीटर, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर. म्हणून नावं उभी छापली होती आणि वाचताना मान वाकडी करावी लागत होती. तरी तो फ्लेक्स चालला. लांबून त्यात एक गोष्ट कळत होती, जवळून दुसरी, आणि मधलं अंतर माणूस आपल्या पायांनी कापत होता.

कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं २०२२ मध्ये ठरलं. संपादक अर्थातच काका. वय ८१, बँकेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली, आणि प्रत्येक शाखेची वेगळी वही, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. नवा आकडा निघाला ४,१०० नावं, १४ पिढ्या, सगळ्यात रुंद पिढीत ९०० माणसं. फ्लेक्स पुन्हा छापायचा आणि या खेपेला नावं आडवी वाचता यावीत म्हणून माणशी दोन सेंटिमीटर धरायचे, तर १८ मीटर झाले, म्हणजे ५९ फूट. एवढी सलग भिंत कुठल्या कार्यालयात मिळणार? शिवाय निम्मं कुळ आता पुण्यात नाहीच.

काकांनी मग वंशवृक्षाचं एक चित्र करून घेतलं आणि कुळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबून लहान केलं जातं. उघडून मोठं केलं तर नावांच्या जागी राखाडी डाग. दोन दिवसांत चाळीसेक जणांनी "आमचं नाव वाचता येत नाही" असं कळवलं आणि काकांनी मला फोन केला. "अगं, फोनवर तुम्ही एवढे नकाशे बघता, गल्ली न् गल्ली दिसते. मग चार हजार नावं का दिसू नयेत?"

मी बाणेरला एका कंपनीत वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. बहुतेक काम बिलांचं आणि तक्त्यांचं. काकांचा प्रश्न इतका नेमका होता की त्या रात्री मी नकाशाच उघडून बसले.

नकाशाचं आतलं गणित सोपं आहे. अख्खं जग २५६ बाय २५६ पिक्सेलच्या एका चौकोनात बसवायचं, ही शून्य पातळी. पुढच्या पातळीवर त्याच जगाचे चार चौकोन, मग सोळा, मग चौसष्ट. अठराव्या पातळीवर पोचेपर्यंत चौकोनांची संख्या ६,८७१ कोटींच्या वर जाते. पण तुमच्या फोनला त्यातले स्क्रीनवर मावतील तेवढेच आणावे लागतात. लक्ष्मी रस्ता बघताना मुंबई उतरवून घ्यावी लागत नाही. या चौकोनांना टाइल्स म्हणतात. २००५ मध्ये गूगल मॅप्स आला तेव्हा त्याचा नकाशा बोटाखाली सरकल्यासारखा सरकायचा, त्यामागे हीच युक्ती होती.

मी तेच केलं. वंशवृक्षाचं ६५,५३६ पिक्सेल रुंद चित्र केलं, त्याच्या सगळ्या पातळ्या मिळून जवळपास ११ हजार टाइल्स कापल्या आणि काकांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दाखवलं. चित्र झरझर सरकत होतं, कुठे डाग नव्हता. काकांनी पूर्ण लांबून बघितलं आणि विचारलं, "या काळ्या रेघा कसल्या?"

त्या रेघा म्हणजे नावं होती. १,९२० पिक्सेलच्या स्क्रीनवर ९०० माणसं, म्हणजे प्रत्येकाला दोन पिक्सेल. दोन पिक्सेलमध्ये कुणाचं नाव मावणार? फ्लेक्सवर निदान शाखांची नावं मोठी होती. मी एकाच मापाची अक्षरं सगळीकडे वापरली होती, त्यामुळे जवळ जाईपर्यंत काहीच वाचता येत नव्हतं आणि जवळ गेल्यावर आपण कुठे आहोत ते कळत नव्हतं.

भिंग आहे तेच मोठं करून दाखवतं. चांगला नकाशा तसं करत नाही. लांबून तो नुसतं "पुणे" म्हणतो. जवळ गेलं की ते "पुणे" पुसलं जातं आणि कोथरूड, हडपसर, येरवडा येतात. आणखी जवळ गेलं की गल्ल्या, शेवटी दुकानाची पाटी. दर उंचीवर त्याचं बोलणं बदलतं. याला सिमँटिक झूम म्हणतात, आणि नकाशाबाहेरच्या माहितीला ते लावून बघणारी माणसं तीस वर्षांपूर्वीच होऊन गेलीत हे मला तेव्हा शोधताना कळलं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या केन पर्लिन आणि डेव्हिड फॉक्स यांनी १९९३ मध्ये 'पॅड' मांडलं. फोल्डर आणि खिडक्यांच्या ऐवजी एकच अमर्याद कागद. त्यावर कुठेही, हव्या तितक्या बारीक आकारात लिहावं आणि जवळ जाऊन वाचावं. त्यांच्या दिनदर्शिकेत लांबून वर्ष दिसायचं, जवळून महिना, आणखी जवळून दिवस. पुढच्याच वर्षी बेन बेडरसन आणि जिम हॉलन यांनी 'पॅड प्लस प्लस' आणलं. मॅकिन्टॉशचा प्रकल्प ॲपलमध्ये १९७९ साली सुरू करणारे जेफ रास्किनसुद्धा पुढे हेच सांगत होते की आपले कंप्युटर भुलभुलैयासारखे झालेत, माणसाला छोट्या छोट्या खोल्यांत कोंडतात, त्यापेक्षा वरून सगळं बघू द्या.

त्याहीआधी, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, एमआयटीत एक खोली केली होती. भिंतभर पडदा, समोर खुर्ची, खुर्चीच्या हातांवर जॉयस्टिक. त्या खुर्चीत बसून माणूस 'डेटालँड' नावाच्या माहितीच्या प्रदेशावरून फिरायचा आणि हवं तिथे खाली उतरायचा. हे वाचताना मला कार्यालयातली भिंत आठवत राहिली. तिकडे खुर्ची जागच्या जागी आणि भिंत हलती. आमच्याकडे भिंत जागच्या जागी होती आणि आजोबा हलत होते.

मग टाइल्स टाकून दिल्या आणि प्रत्येक नाव जागेवरच काढणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तो लिहिण्यापेक्षा जास्त वेळ काकांच्या टेबलाशी गेला, कारण कुठल्या उंचीवर काय बोलायचं हे मला माहीत नव्हतं, त्यांना होतं. तीन रविवार लागले. सगळ्यात लांबून गावं आणि त्या गावातून किती माणसं झाली, एवढंच. मी तिथे मूळपुरुषाचं नाव घालणार होते. काका म्हणाले, "ते नाव कुणाला माहीत नाही गं. आम्ही देवरूखचे की वाईचे, हे मात्र शेंबड्या पोरालाही माहीत असतं." दुसऱ्या पातळीवर पोटशाखा आणि त्या शाखेनं गाव का सोडलं त्याचे चार शब्द: नोकरी, दुष्काळ, भाऊबंदकी, दत्तक. तिसऱ्या पातळीवर नाव आणि जन्मसाल. चौथ्यावर सगळं, म्हणजे माहेरचं नाव, शिक्षण, आणि काकांच्या वहीतल्या टिपा. या टिपा फार सुंदर आहेत. "बडोद्यास गेले, पुढे ठाऊक नाही." "कुस्तीचा नाद." "यांचे अक्षर मोत्यासारखे."

देवनागरीनं मधे चांगलंच दमवलं. इंग्रजी अक्षर नऊ पिक्सेलला ओळखू येतं. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि पायाशी उकार एवढं सगळं त्याच उंचीत बसवावं लागतं. "पार्वती" बारीक केलं की रफार आणि वेलांटी एकमेकांत मिसळतात आणि उरतो तो ठिपका. म्हणून मी नियम केला: अक्षर १४ पिक्सेलपेक्षा लहान होणार असेल तर ते काढायचंच नाही, त्याऐवजी ठिपका. न वाचता येणारं नाव दाखवण्यात मला त्या माणसाचा अपमान वाटतो. ठिपका प्रामाणिक असतो, तो म्हणतो इथे कुणीतरी आहे, जवळ या.

पहिली परीक्षा काकूंनी घेतली. टॅबलेट हातात दिला, दोन बोटं टेकवली, आणि दोन क्षणांत त्या वाई आणि मिरज यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पोचल्या. पांढरा स्क्रीन. मोठं केलं तरी पांढरा, सरकवलं तरी पांढरा. टॅबलेट खाली ठेवून म्हणाल्या, "गेलं बाई सगळं." त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. सुझॅन जुल आणि जॉर्ज फर्नास यांनी १९९८ मध्ये या अवस्थेला नाव दिलंय, वाळवंटातलं धुकं. माणूस खूप जवळ गेलेला असतो, पण जिथे काहीच नाही अशा ठिकाणी, आणि कुठे वळावं याची एकही खूण दिसत नसते. मी मग स्क्रीनच्या कडांवर बारीक बाण ठेवले, "वाई, डावीकडे", "मिरज, उजवीकडे", आणि जिथे जवळपास कुणीच नाही तिथे एका मर्यादेपलीकडे मोठं होणंच बंद केलं.

कोपऱ्यात सगळ्या वृक्षाचा छोटा नकाशाही होता. तो मी काढून टाकला. कॅस्पर हॉर्नबेक, बेडरसन आणि कॅथरीन प्लेझां यांनी २००२ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना असा छोटा नकाशा आवडतो, पण ज्या नकाशात प्रत्येक पातळीवर नीट खुणा आहेत तिथे त्याच्याशिवायच काम लवकर होतं. फोनच्या स्क्रीनवर तर त्याला जागाच नाही.

आता ज्या भागावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो सांगते. एका माणसावरून दुसऱ्या माणसावर जायचं असेल तर स्क्रीननं कसं जावं? उडी मारली तर काय झालं ते कळत नाही. सरळ सरकत गेलं तर मधली हजार माणसं डोळ्यांसमोरून भुर्रकन जातात आणि गरगरतं. आइंडहोव्हनच्या यार्के व्हान वाइक आणि विम न्वाय यांनी २००३ मध्ये याचं गणित सोडवलं: आधी वर जायचं, वरून पुढे जायचं, मग खाली उतरायचं, आणि वर किती जायचं ते अंतरावरून ठरवायचं. मी त्यात एक बदल केला. वर किती जायचं ते अंतरानं ठरवण्याऐवजी दोघांच्या सामाईक पूर्वजानं ठरवायचं. तो दिसेपर्यंत वर जायचं, तिथे अर्धा सेकंद थांबायचं, मग दुसऱ्या फांदीनं खाली.

काकांचे एक मित्र आहेत, पन्नास वर्षांपासूनचे. आडनाव तेच, पण "आमचं त्यांचं काही नातं नाही" असं दोन्ही घरांत सांगितलं जायचं. काकांनी स्वतःवरून त्यांच्यावर जा म्हटलं. स्क्रीन वर गेला, आणखी वर गेला, आठवी पिढी, सातवी पिढी, आणि एका नावाशी थांबला. मग हळूच मिरजेच्या बाजूला उतरला. काकांनी परत करायला लावलं. मग तिसऱ्यांदा. नंतर फोन उचलून त्या मित्राला म्हणाले, "अरे, सातव्या पिढीत फुटलो आपण." हीच माहिती वहीत होती, काकांच्याच अक्षरात, दोन वेगवेगळ्या पानांवर.

शोधाचंही असंच. आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे "विष्णू" टाकलं की ६१ विष्णू. यादी करून काय उपयोग? मी यादी काढून टाकली आणि सगळे विष्णू वृक्षावर केशरी केले. लांबून बघितलं तर देवरूखच्या शाखेत केशरी ठिपके एक पिढी सोडून एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे उतरत आलेले, आणि १९४० च्या आसपास थांबलेले. त्यानंतर एकही विष्णू नाही. बेन श्नायडरमन यांनी १९९६ मध्ये लिहून ठेवलेलं सूत्र आहे: आधी सगळ्याचं दर्शन, मग झूम आणि गाळणी, मग मागाल तेव्हा तपशील. पहिल्या तीन शब्दांचं वजन मला त्या शिडीमुळे कळलं.

दत्तकाचा गुंता पर्लिन-फॉक्स यांच्या कागदावरच सुटला. वाईचा मुलगा मिरजेला दत्तक गेला की तो कुठल्या फांदीवर काढायचा? दोन्हीकडे काढला तर माणसं दोन होतात. 'पॅड'मध्ये एक सोय होती, कागदाला खिडकी पाडून त्यातून त्याच कागदाचा दुसरा भाग बघायचा. वाईच्या आईबापांच्या खाली मी तशी खिडकी ठेवली. तिच्यातून लांब मिरजेच्या फांदीवरचा त्यांचा मुलगा दिसतो, त्याची मुलंही दिसतात.

आणि मग आत्या आली.

आत्या ७८ वर्षांची, एरंडवण्यात राहते. संकष्टीला काकांकडे आली होती. मी टॅबलेट तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आत्या, तू शोध बघू स्वतःला." तिनं नारायण पेठ बाजूला सारून देवरूख धरलं, आजोबांपर्यंत पोचली. आजोबांच्या खाली चार चौकटी, तिचे चार भाऊ, काका धरून. ती थांबली. आणखी जवळ गेली. भावांची शिक्षणं आली, नोकऱ्या आल्या, वहिन्यांची माहेरची नावं आली. अगदी शेवटच्या टोकाला, आजोबांच्या चौकटीच्या तळाशी, बारीक ओळ: "कन्या ३". त्यावर बोट टेकवलं तेव्हा तीन नावं उघडली. तिचं दुसरं.

"एवढं जवळ आल्यावर दिसते होय मी," म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

हे कुठून आलं ते मला लगेच कळलं, कारण ती ओळ माझी होती. लांबून कोण दिसावं हे ठरवायला काहीतरी मोजमाप लागतं. फर्नास यांनीच १९८६ मध्ये त्याचं सूत्र दिलं होतं: त्या गोष्टीचं मूळचं महत्त्व, वजा तुम्ही जिथे आहात तिथून तिचं अंतर. उरलेला आकडा पुरेसा मोठा असेल तर दाखवा. अंतर मोजता येतं. मूळचं महत्त्व कुणीतरी ठरवावं लागतं. मी ठरवलं होतं की ज्याचे वंशज जास्त तो महत्त्वाचा. वहीत लेकींची मुलं दुसऱ्या कुळात मोजलेली, म्हणून लेकींचा आकडा शून्य. चार हजार नावांत प्रत्येक लेकीचा शून्य. मी नव्यानं काही अन्याय केला नव्हता, पण जुना होता तो सेकंदाला साठ वेळा मोजून स्क्रीनवर काढत होते. मीसुद्धा या कुळाची लेकच. माझ्याही नावाची जागा तीच, "कन्या २" या ओळीत, आणि सात महिने काम करून ती मला दिसली नव्हती.

मी सूत्र बदललं. भावंडं सगळी एका उंचीवर दिसणार, जन्मक्रमानं, मुलगा असो वा मुलगी. काकांना ते पटलं नाही. "अगं, पद्धत आहे. मुलगी सासरच्या कुलवृत्तांतात जाते. दोन्हीकडे घातली तर पुस्तक कुठे संपणार?" मी म्हटलं, "काका, ते पुस्तकाचं झालं. याला पानं नाहीत." ते काही बोलले नाहीत. पंधरा दिवस त्यांचा फोन नाही.

सोळाव्या दिवशी मीच गेले. टेबलावर एक वही होती, बाकीच्यांसारखीच तपकिरी कव्हरची, पण वर शाखेचं नाव नव्हतं. आत १,३०० लेकी. नाव, जन्मसाल, सासरचं नाव, गाव. पस्तीस वर्षांत जिथे जिथे माहिती घ्यायला गेले तिथे तिथे लिहून आणलेल्या. "छापायला जागा नव्हती," काका म्हणाले, "पण विचारायचं कसं टाळणार? समोर त्याच बसलेल्या असायच्या. निम्मी माहिती तर त्यांनीच सांगितलेली."

त्या लेकी भरायला मला दोन महिने लागले. वृक्ष आणखी रुंद झाला. आत्या आता तिसऱ्या पातळीवर दिसते, दोन भावांच्या मधे, १९४५.

नारायण पेठेची शाखा तेवढी अर्धी होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा त्यांच्या वाड्यात पाणी शिरलं आणि जन्मपत्रिका, चोपड्या, लग्नपत्रिका ठेवलेली ट्रंक गेली. मधल्या तीन पिढ्यांची नावं कुणाकडेच नाहीत. छापील आवृत्तीत तिथे एक तुटक रेघ होती. पडद्यावर मात्र मला मोकळी जागा आणि माहीत नसलेली जागा या दोन्ही एकसारख्या पांढऱ्या ठेवायच्या नव्हत्या. काकूंनी ते शिकवलं होतं. म्हणून तो भाग मी तिरप्या रेघांनी भरला, आणि या रेघा सगळ्यात लांबूनही दिसतील असं केलं. गावांची नावं दिसतात तेव्हाच एक राखाडी पट्टा दिसतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, "१९६१ च्या पुरात गेले. कुणाकडे आहे का?"

गेल्या वैशाखात नागपूरहून एका बाईंचा फोन आला. आडनाव आमचं नव्हे. तिच्या आजीचं माहेर नारायण पेठेतलं. लेकींची नवी यादी ग्रुपवर फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचली होती, आजीचं नाव त्यात सापडलं आणि त्या नावाला लागून हा पट्टा. आजीच्या पोथीत, शेवटच्या कोऱ्या पानावर, माहेरच्या माणसांची नावं लिहिलेली आहेत म्हणाली. श्राद्धाला लागतात म्हणून आजीनं लिहून ठेवलेली. तिनं फोटो पाठवला. शाई फिकट निळी, कागद कडांना तपकिरी, आणि अकरा नावं.

दहा वाचली. पट्ट्यातून तेवढा भाग आता कमी झालाय, लांबून बघितलं तरी कळतो. अकराव्या नावाशी मी आणि काका एक अख्खी संध्याकाळ बसलो होतो. "नारायण" आहे की "नारो"? पुढे पाण्याचा डाग. फोटो मोठा करत गेलो, आणखी मोठा, तर शाईची रेघ फुटून नुसते निळे-राखाडी चौकोन राहिले. काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि फोन हातात घेऊन त्या बाईंना विचारलं, "दिवाळीला पुण्याला येणार असाल तर पोथी घेऊन याल का?"